पोहोचतं ते सगळं लागतंच असं नाही : फंक्शनल भाषांमधली कचराउचल

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाच्या नावात एक घोटाळा आहे, तो आधी मिटवून टाकू. संगणकवाले ज्याला 'गार्बेज कलेक्टर' म्हणतात त्यातला कलेक्टर हा शब्द बुलढाण्यात उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कलेक्टर कचेरीच उभी राहते. हा कलेक्टर तो नव्हे. हा एक प्रोग्राम असतो. दुसऱ्या प्रोग्रामनं वापरून टाकलेली मेमरीतली जागा शोधायची आणि पुन्हा वापरात आणायची, एवढंच त्याचं काम. पण गंमत अशी, की आज फिरत फिरत आपण पुन्हा महसूल खात्याच्याच दारात जाणार आहोत. कसं ते पुढं बघू.

मागच्या वेळी आपण लॅम्डा कॅलक्युलसपाशी थांबलो होतो. अलॉन्झो चर्चनं १९३० च्या दशकात मांडलेली ती पद्धत तर्कशास्त्राची आहे, कागदावरची आहे. कागदावर जागेचा प्रश्न नसतो. पान भरलं, दुसरं घेतलं. यंत्रात तसं चालत नाही. तर्क शुद्ध ठेवायचा आणि जागाही पुरवायची, या ओढाताणीतून आजचा विषय निघाला.

'फंक्शनल भाषा' म्हणजे काय, हे संगणक न शिकलेल्यांसाठी सातबाऱ्यावरून सांगतो. शेत विकलं की काय होतं? गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंद होते, आणि मग सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडून नवं नाव चढतं. इंग्रजी कागदात या फेरफाराला 'म्युटेशन' म्हणतात. संगणकाच्या मेमरीतल्या एखाद्या खान्यातली जुनी किंमत घालवून तिथं नवी लिहिणं, यालाही म्युटेशनच म्हणतात. योगायोगच आहे, पण आपल्या सोयीचा आहे. सी किंवा जावा यांसारख्या भाषा दिवसभर फेरफारच करत असतात. फंक्शनल भाषांना (हास्केल, ओकॅमल, अर्लांग, स्कीम या त्यांतल्या काही) फेरफार आवडत नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं. बदल हवा असेल तर नवा कागद घ्या, त्यावर नवी स्थिती लिहा, आणि जो भाग तसाच राहिलाय त्यासाठी 'जुना कागद पाहा' असा दाखला द्या. हास्केल याबाबत फार कडक आहे, ओकॅमल आणि स्कीम थोडी सवलत देतात. पण वृत्ती हीच. वस्तू बदलत नाही, जुनी जाते आणि नवी येते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथं क्षणिकवाद आठवेल. आठवू द्या, पण फार ताणू नका.

याचे दोन परिणाम होतात आणि आजचं सगळं व्याख्यान त्या दोन्हींवर उभं आहे. पहिला परिणाम उघड आहे. कागद खूप लागतो, कचरा भराभर साठतो. दुसरा इतका उघड नाही, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. नवा कागद जुन्याचा दाखला देऊ शकतो. जुना कागद नव्याचा दाखला देऊ शकत नाही, कारण तो लिहिला तेव्हा नवा अस्तित्वातच नव्हता, आणि नंतर त्यावर काही लिहायला बंदी आहे. म्हणजे सगळे दाखले एकाच दिशेनं, मागं जातात. हे लक्षात ठेवा.

हा कचरा उचलायचा पहिला मार्ग जॉन मॅकार्थीनं काढला. लिस्प ही भाषा त्यानं एमआयटीत आयबीएम ७०४ या यंत्रासाठी बांधली आणि १९६० च्या एप्रिलमध्ये त्यावरचा निबंध छापला. त्यात मेमरीचा प्रत्येक डबा दोन खान्यांचा आहे. पहिल्या खान्यात वस्तू, दुसऱ्यात पुढच्या डब्याचा पत्ता. असे डबे एकामागं एक जोडले की यादी तयार. हे दोन खाने शेवटपर्यंत लागणार आहेत, तेव्हा मनात धरून ठेवा.

आता मॅकार्थीची युक्ती. प्रोग्राम चालू असताना काहीच उचलायचं नाही. रिकामे डबे संपले की काम थांबवायचं. प्रोग्रामच्या हातात त्या क्षणी जे पत्ते आहेत त्यांना 'मुळं' म्हणायचं. मुळांपासून निघायचं, पत्त्यावरून पत्त्यावर जायचं, जो डबा भेटेल त्यावर खूण करायची. जिथवर जाता येतं तिथवर गेलं की संपूर्ण मेमरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडायची आणि बिनखुणेचे डबे रिकाम्यांत जमा करायचे. त्या निबंधात 'कचरा' हा शब्द नाही, 'पुनःप्राप्ती' अशा अर्थाचा सभ्य शब्द आहे. कचरा हा शब्द प्रयोगशाळेतल्या बोलण्यातला, तो नंतर रूढ झाला. या झाडलोटीला काही सेकंद लागतात असं मॅकार्थीनंच लिहून ठेवलंय. तेवढा वेळ यंत्र स्तब्ध.

या युक्तीच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे : ज्याच्यापर्यंत पोहोचता येतं ते कामाचं, ज्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही तो कचरा. वाक्याचा दुसरा अर्धा निर्विवाद आहे. ज्याच्यापर्यंत जायला वाटच उरली नाही, ते प्रोग्राम पुढं वापरणार कसं? पहिला अर्धा मात्र खरा नाही. तो फक्त सोयीचा आहे. त्याकडे मी परत येईन.

त्याच वर्षी, १९६० च्या डिसेंबरात, जॉर्ज कॉलिन्सनं दुसरा मार्ग सुचवला. प्रत्येक डब्यावर एक आकडा ठेवा : मला किती जण धरून आहेत? कुणी धरलं की एक वाढवा, सोडलं की एक कमी करा. शून्य झालं की डबा मोकळा. झडती नाही, थांबणं नाही. पण १९६३ मध्ये मॅकबेथनं यातली खोट दाखवली. अ हा ब ला धरून आहे आणि ब हा अ ला. बाकी जगानं दोघांनाही सोडलं आहे. दोघांवरचा आकडा एक. तो शून्य कधीच होणार नाही. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. अ चं प्रामाण्य ब वर, ब चं अ वर, आणि दोघांना बाहेरचा आधार कुणाचाच नाही. नैयायिक याला वादातला दोष मानत. इथं तो मेमरीतला दोष झाला.

आता मघाचा दुसरा परिणाम आठवा. सगळे दाखले मागं जात असतील तर अन्योन्याश्रय होणारच कसा? अ आधीचा असेल तर तो ब ला धरू शकत नाही. म्हणजे ज्या दोषामुळं मोजणीची पद्धत मागं पडली, तो काटेकोर फंक्शनल भाषेत मुळात उद्भवतच नाही! गेल्या काही वर्षांत लीन आणि कोका या भाषांनी म्हणूनच मोजणी पुन्हा उचलून धरली. त्यांनी एक हुशारीही केली. डब्यावरचा आकडा एकच असेल, म्हणजे मालक एकच असेल आणि तोही आता सोडणार असेल, तर नवा डबा न घेता त्याच डब्यात नवी स्थिती लिहून टाकायची. बाहेरून पाहणाऱ्याला फेरफार झाला हे कळायचा मार्गच नाही. कुणाला कळत नाही असा बदल हा बदल म्हणायचा का, यावर एक वेगळं व्याख्यान होईल. असो.

अर्लांगचाही इथंच उल्लेख करतो. तुमच्या खिशातल्या व्हॉट्सअॅपचे निरोप ज्या सर्व्हरांवरून जातात ते अर्लांगवर उभे आहेत. तिथं प्रत्येक छोट्या प्रक्रियेची मेमरी वेगळी, तिची झाडलोट वेगळी. एका घरात सडा-सारवण चालू असताना शेजारच्या घरानं चूल का थांबवावी? निरोप एका प्रक्रियेकडून दुसरीकडे जाताना त्याची नक्कल जाते, मोठे तुकडे तेवढे सामाईक ठेवतात. नकलेला खर्च येतो, पण सगळं गाव एकदम थांबत नाही.

आता तिसरा मार्ग, जो आज बहुतेक फंक्शनल भाषांच्या पायाशी आहे. खामगावच्या कापूस बाजाराची ज्यांना माहिती आहे त्यांना हा लगेच कळेल. समजा तुमच्याकडे सारख्या मापाची दोन गोदामं आहेत. एक भरलंय, एक रिकामं. भरलेल्यात कामाच्या गाठी दहा आणि बाकी सगळा कचरा, फाटकं बारदान, धूळ. शहाणा माणूस कचरा वेचत बसत नाही. तो दहा गाठी उचलून रिकाम्या गोदामात नीट एकाशेजारी एक लावतो आणि जुन्या गोदामाला सरसकट 'रिकामं' म्हणतो. पुढच्या वेळी उलट दिशेनं. १९६९ मध्ये फेनिचेल आणि योकेल्सन यांनी लिस्पसाठी हे केलं, आणि १९७० मध्ये चेनीनं ते इतक्या थोड्या शब्दांत मांडलं, की तो निबंध दोन पानांच्या आत आटोपतो. चेनीची खुबी अशी, की कुठल्या गाठींची चौकशी बाकी आहे याची वेगळी यादीच ठेवावी लागत नाही. नव्या गोदामात लावलेली रांग हीच यादी. एक बोट 'इथवर तपासलं' दाखवतं, दुसरं 'इथवर लावलं' दाखवतं. पहिलं बोट दुसऱ्याला गाठलं की काम संपलं.

हिशेब बघा. मॅकार्थीच्या पद्धतीत झाडण्याचा खर्च सगळ्या मेमरीच्या मापाचा असतो. इथं खर्च फक्त जिवंत मालाच्या मापाचा. मेलेल्याला हातच लावायचा नाही, म्हणून तो फुकट. ज्या भाषेत कचरा प्रचंड आणि उरणारा माल थोडा, तिला ही पद्धत अगदी अंगच्या मापाची. किंमत एवढीच, की एक गोदाम नेहमी रिकामं ठेवायचं.

पुढची सुधारणा अनुभवातून आली. बहुतेक वस्तू जन्मताच मरतात. ज्या टिकतात त्या पुष्कळ टिकतात. १९८३ मध्ये लीबरमन आणि ह्युइट यांनी आणि पुढच्या वर्षी अंगर यानं यावर पिढ्यांची पद्धत बांधली. नव्या वस्तूंचं अंगण छोटं ठेवायचं, ते वरचेवर झाडायचं. जे दोन-चार झाडण्यांतून वाचेल ते आतल्या कोठीत हलवायचं, आणि कोठी क्वचित उघडायची. ओकॅमलचं हे अंगण ठरलेलं दोन लाख छप्पन्न हजार शब्दांचं असतं, आजच्या यंत्रांवर साधारण २ एमबी. एका मोबाइल फोटोएवढं!

यात एक अडचण. अंगण झाडताना कोठीतली एखादी वस्तू अंगणातल्या वस्तूला धरून असेल तर? दर वेळी कोठी तपासायची असेल तर मग फायदा काय राहिला? फेरफार करणाऱ्या भाषांना म्हणूनच 'जुन्यानं नव्याला धरलं' अशा प्रत्येक प्रसंगाची वेगळी नोंद ठेवावी लागते. फंक्शनल भाषेत जुनं नव्याला धरतच नाही, त्यामुळं ही नोंदवही जवळजवळ कोरी राहते. डायक्स्ट्रा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ च्या निबंधात दोन नावं रूढ केली. झाडणारा तो कलेक्टर, आणि मूळ प्रोग्राम तो 'म्युटेटर', म्हणजे फेरफार करणारा. झाडणाऱ्याच्या नजरेतून प्रोग्राम हा नुसता उपद्व्यापी प्राणी! फंक्शनल भाषेत हा उपद्व्यापी बराच सोज्वळ होतो आणि झाडणाऱ्याचं आयुष्य सुखाचं होतं.

'जवळजवळ' म्हणालो, कारण हास्केलमध्ये एक पळवाट आहे. हास्केल आळशी भाषा आहे. आळशी हा तिथं पारिभाषिक शब्द आहे, शिवी नव्हे. ती कुठलंही गणित मागितल्याशिवाय करत नाही. त्याऐवजी 'लागेल तेव्हा करीन' असा वायदा लिहून ठेवते. पुढं कुणी खरंच मागितलं की हिशेब होतो आणि वायद्याच्या जागी उत्तर लिहिलं जातं. बघा, इथं मागच्या दारानं फेरफार आला. जुना वायदा आता नव्या उत्तराला धरून आहे. अन्योन्याश्रयही इथं होऊ शकतो, म्हणून हास्केलला मोजणी पुरत नाही.

वायद्याचं दुसरं दुखणं मोठं आहे. वायदा पुरा करायला जे जे लागेल ते सगळं तो पोटाशी धरून बसतो. दहा लाख आकड्यांची बेरीज सांगितली आणि नीट सांगितली नाही, तर हास्केल बेरीज करतच नाही. 'मागच्या वायद्यात हा आकडा मिळवीन' असे दहा लाख वायदे रचते. लोणारच्या सरोवराला बाहेर जाणारा ओढा नाही. पाणी येतं, उन्हानं उडून जातं, क्षार मागं राहतात आणि साठत जातात. वायद्यांचं असंच होतं. कलेक्टर येतो, बघतो, सगळ्यांपर्यंत वाट आहे म्हणून सगळ्यांना ठेवतो. त्याच्या नियमानं त्याचं बरोबरच आहे. फिलिप वॉडलरनं १९८७ मध्ये यातल्या एका प्रकारावर उपाय काढला. 'या जोडीतला दुसरा भाग घेईन' असा वायदा असेल आणि जोडी आधीच तयार असेल, तर झाडता झाडता कलेक्टरनंच तो भाग काढून द्यावा, म्हणजे पहिल्या भागावरची पकड सुटते. हा उपाय हास्केलच्या जीएचसी या मुख्य कंपायलरमध्ये आजही आहे. पण तो एका दुखण्यावरचा लेप झाला.

मूळ दुखणं आपण मॅकार्थीपासून सोबत घेऊन आलोय. पोहोचतं ते लागतंच, हे गृहीतक.

आता महसूल खात्याच्या दारात आलो. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असा सातबारा असेल, किंवा होता, ज्यावर वारलेल्या आजोबांचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहिलं. कागदावरून त्यांच्यापर्यंत 'पोहोचता' येतं. म्हणून ते हयात आहेत का? नाव राहिल्यानं कर्ज अडतं, पीकविमा अडतो, विक्री अडते. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात ही नावं शोधून वारसांची नोंद घ्यायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या महिन्यापासून ती राज्यभर नेली गेली. तिचं नाव काय होतं? 'जिवंत सातबारा'. गंमत बघा, संगणकशास्त्रात ज्या गुणाला 'लाइव्ह' म्हणतात, म्हणजे नुसतं पोहोचण्याजोगं नव्हे तर पुढं खरंच लागणारं, त्याला मराठीत याहून नेमका शब्द मला सापडत नाही. आणि कलेक्टरच्या पातळीवरून ही जिवंत-मृताची शहानिशा झाली ती इथंच.

संगणकातली ही शहानिशा करणाऱ्यांतली एक महत्त्वाची परंपरा महाराष्ट्रातलीच आहे, पवईच्या आयआयटी मुंबईतली. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ मध्ये प्रथम जावासारख्या भाषांसाठी ही मांडणी छापली. प्रोग्राम चालण्याआधीच त्याचा मजकूर तपासून ठरवायचं, की अमुक ओळीनंतर अमुक वाटेनं कुणी जाणार नाही, आणि तिथं ती वाट तोडणारी ओळ घालायची. नियम जुनाच, पोहोचण्याचा. फक्त नको त्या वाटा आधीच बंद केल्या.

फंक्शनल भाषेत हे चालत नाही. वाट तोडणं म्हणजे खान्यात 'काही नाही' असं लिहिणं, आणि ते लिहिणं म्हणजे फेरफार. त्याला तर बंदी! मग २०१४ मध्ये राहुल असाटी, सन्याल, करकरे आणि केंब्रिजचे अॅलन मायक्रॉफ्ट यांनी दुसरा रस्ता धरला. वाटा तशाच राहू द्या, पण कोणत्या वाटेनं जायचं याची चिठ्ठी कलेक्टरच्या हातात द्या.

ही चिठ्ठी कशी असते ते सांगतो, कारण मला यातलं सौंदर्य इथं दिसतं. मघाचे दोन खाने आठवा. पहिल्या खान्याच्या वाटेला ० म्हणू, दुसऱ्याच्या वाटेला १. आता एक शाळेचा हजेरीपट घ्या. प्रत्येक डब्याच्या पहिल्या खान्यात एका मुलाची सगळी माहिती, फोटोसकट. दुसऱ्यात पुढच्या मुलाचा पत्ता. समजा प्रोग्रामचं एकच काम उरलंय : मुलं किती ते मोजायचं. मोजायला माहितीचा खाना उघडावा लागतो का? नाही. नुसतं पुढं, पुढं, पुढं जायचं. म्हणजे लागणाऱ्या वाटा कोणत्या? १, ११, १११, अशा. ज्या वाटेत ० आहे ती एकही लागत नाही. जुना कलेक्टर सगळ्या मुलांचे फोटो उचलून नव्या गोदामात नेईल, कारण त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं. चिठ्ठीवाला कलेक्टर रिकामे सांगाडे नेईल आणि फोटो मागं सोडेल. काम मोजण्याऐवजी फोटो छापायचं असतं, तर ०, १०, ११० या वाटाही चिठ्ठीत आल्या असत्या. म्हणजे 'पुढं काय लागणार' याचं वर्णन हे दोन अक्षरांच्या एका छोट्या भाषेचं व्याकरण झालं! हे व्याकरण तसंच्या तसं वापरणं फार अवघड पडतं, म्हणून त्याचं थोडं ऐसपैस रूप करतात. मोजक्या अवस्थांचं एक छोटं यंत्र, जे कलेक्टर चालता चालता विचारू शकेल : इथून ० नं जाऊ का?

ऐसपैस का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. एखादी वस्तू पुढं लागेल की नाही हे नेमकं सांगायचं, तर प्रोग्राम पुढं कोणत्या फाट्यानं जाईल हे आधी सांगता आलं पाहिजे. ते सर्वच प्रोग्रामांसाठी बिनचूक सांगणारी रीत असूच शकत नाही, हे ट्युरिंगच्या १९३६ च्या कामातून निघतं. तलाठ्याचं काम त्या मानानं सोपं. माणूस वारला का, हे घडून गेलेलं असतं. चावडीवर नावं वाचली की गाव सांगतं. कंपायलरला भविष्याबद्दल बोलायचं असतं, आणि भविष्याची चावडी नाही. तेव्हा चूक होणार हे धरूनच चालायचं. फक्त ती कुठल्या बाजूला होऊ द्यायची हे आपल्या हातात आहे.

दोन चुका सारख्या नाहीत. नको असलेली वस्तू ठेवली तर थोडी जागा वाया गेली. हवी असलेली टाकली तर? उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले लालबिहारी महसुली कागदांवर १९७५ ते १९९४ मयत होते. माणूस हिंडतोय, बोलतोय, आणि दप्तरात मेलेला. जमीन नातेवाइकांच्या नावावर. स्वतःला जिवंत ठरवून घेण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली, आणि आपल्यासारख्यांसाठी त्यांनी 'मृतक संघ' काढला. प्रोग्राममध्ये ही चूक झाली तर एकोणीस वर्षं लागत नाहीत. तिथं दुसऱ्याच कुणाची वस्तू येऊन बसते आणि प्रोग्राम तिलाच आपली समजून वाचतो. म्हणून सगळ्या कलेक्टरांचा एक अलिखित करार आहे : शंभर मेलेले जिवंत समजले गेले तरी चालेल, एक जिवंत मेलेला समजला जाता कामा नये. पवईच्या मंडळींनी आपली रीत या बाजूला कधीच चुकत नाही हे गणितानं सिद्ध करून मग प्रयोग केले. यंत्रावर करून पाहणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

प्रयोगात काय दिसलं? जास्त कचरा निघाला, म्हणून झाडलोट कमी वेळा करावी लागली, आणि प्रोग्राम कमी मेमरीत चालले. एका झाडलोटीचा खर्च मात्र वाढला, कारण प्रत्येक पावलाला चिठ्ठी बघायची. तरी बहुतेक प्रोग्रामांत झाडलोटीचा एकूण वेळ घटला. २०१६ मध्ये प्रसन्नकुमार के., सन्याल आणि करकरे यांनी हेच आळशी भाषांसाठी केलं. ते जास्त कठीण, कारण तिथं कुठलं काम कधी होईल याचा क्रमच आधी ठरलेला नसतो, आणि वायद्यांच्या पोटातलंही तपासावं लागतं. तिथं एकूण वेळ साधारण तेवढाच राहिला, पण मेमरीची कमाल गरज बरीच उतरली.

इथं थांबणार होतो, पण शेगावच्या इंजिनिअरिंगची काही मुलं समोर बसली आहेत आणि त्यांची चिठ्ठी आली आहे. म्हणजे कागदाची चिठ्ठी. विचारलंय : 'सर, एवढं चांगलं आहे तर आम्ही वापरतो त्या हास्केलमध्ये किंवा जावामध्ये हे का नाही?'

रास्त प्रश्न आहे. पहिलं कारण असं, की या तपासणीला सगळा प्रोग्राम एकदम समोर लागतो. मोजणीचं काम कुठल्या कोपऱ्यातून सांगितलंय आणि फोटोचं कुठून, हे सगळं बघितल्याशिवाय चिठ्ठी लिहिता येत नाही. तुम्ही मात्र प्रोग्राम तुकड्यांत लिहिता, अर्धे तुकडे दुसऱ्यांनी लिहून आधीच बांधून ठेवलेले असतात. दुसरं असं, की त्यांनी मांडणी केली ती साध्या पातळीच्या भाषेसाठी, जिथं फंक्शन हीच वस्तू म्हणून हातोहात दिली-घेतली जात नाही. तुमच्या हास्केलमध्ये तर दिवसभर तेच चालतं. तसे प्रोग्राम आधी साध्या पातळीवर उतरवून घेता येतात, पण ते वेगळं काम झालं. आणि तिसरं, थोडं व्यवहाराचं. मेमरी स्वस्त झाली की लोक गोदाम वाढवतात, शहानिशा करत नाहीत. मोठ्या सर्व्हरवर ते खपून जातं. ज्याच्या हातात कमी मेमरीचा जुना फोन आहे त्याच्याकडे दुसरं गोदाम नसतं.

हे तीनही अडथळे अजून कुणी पूर्ण पार केलेले मला दिसत नाहीत. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय हवा असेल, तर स्कीमची एक छोटी आवृत्ती घ्या, तिला चेनीचा कलेक्टर जोडा, आणि फक्त यादी मोजणं आणि यादी जोडणं एवढ्या दोन फंक्शनांसाठी चिठ्ठी हातानं लिहून बघा. कंपायलरनं लिहायची गरज नाही, आधी हातानंच लिहा. किती डबे मागं राहतात ते मोजा. पुढच्या वेळी आकडे घेऊन या, आपण फळ्यावर मांडू.